सरळ म्हणजे नेमके कुठे?

सायकल पडली की बहुधा हँडल वाकडे होते. मग मुले काय करतात? पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरतात, हँडलला एक हिसका देतात, एक डोळा मिटून समोर पाहतात आणि पुन्हा सायकलवर बसतात. हे काम त्यांना कोणी शिकवलेले नसते. पण अर्ध्या मिनिटाच्या या कामात मापनाची एक मूलभूत गोष्ट दडलेली आहे. हँडल सरळ झाले हे मुलांनी कशावरून ठरवले? हँडलकडे पाहून नव्हे, चाकाकडे पाहून. चाक सरळ आहे हे कशावरून ठरले? सायकलच्या दांडीवरून. म्हणजे एखादी गोष्ट 'सरळ' किंवा 'शून्यावर' आहे असे म्हणायचे, तर ती कशाच्या तुलनेत, हे आधी ठरवावे लागते.

पाठ्यपुस्तकात आपण 'शून्यांक त्रुटी' शिकवतो. व्हर्निअर कॅलिपरचे जबडे मिटवायचे, शून्यासमोर शून्य येते का पाहायचे, येत नसेल तर तेवढी दुरुस्ती वाचनातून वजा करायची. मुले सूत्र पाठ करतात, परीक्षेत दोन गुण मिळवतात आणि विसरून जातात. हीच त्रुटी रस्त्यावरच्या मोटारीत शिरली तर काय होते, आणि ती घरच्या घरी काढता येते का, हे या लेखात पाहू या.

दिवा का लागला?

सेवाग्राम ते वर्धा हे अंतर जेमतेम आठ किलोमीटरचे. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. एवढ्या उष्णतेत मोटारींच्या बॅटऱ्या लवकर निकामी होतात. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या एका शेतकऱ्याने गाडीची बॅटरी बदलून घेतली. घरी येईपर्यंत काचेखालच्या फळीवर एक पिवळा दिवा लागला होता. दिव्यावर गाडीचे लहानसे चित्र आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेषा.

"सर, बॅटरी नवी टाकली अन् हा दिवा लागला. ब्रेक गेले का जी?"

"नाही भाऊ, ब्रेक शाबूत दिसतात. सरळ म्हणजे कुठे, हे गाडी विसरली असावी."

तसेच झाले होते. आजकालच्या बऱ्याच मोटारींत स्टीअरिंगच्या दांड्यावर एक संवेदक म्हणजे सेन्सर बसवलेला असतो. चालकाने स्टीअरिंग किती अंश आणि कोणत्या बाजूला फिरवले आहे, हे तो गाडीतल्या संगणकाला सांगत राहतो. काही गाड्यांत वीजपुरवठा तुटला की या सेन्सरची शून्याची आठवण पुसली जाते. ती पुन्हा करून देणे म्हणजेच त्याचे कॅलिब्रेशन, आपल्या भाषेत अंशशोधन.

चालकाची इच्छा आणि गाडीचे वागणे

गाडीला हा कोन कळून काय करायचे आहे? स्टीअरिंग तर दांड्याने आणि दातेरी पट्टीने चाकांशी जोडलेलेच आहे. हा कोन हवा असतो तो मुख्यतः तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला. तिला ई.एस.सी. म्हणतात. बॉश आणि मर्सिडीझ-बेंझ या जर्मन कंपन्यांनी ती १९९५ साली प्रथम एका महागड्या गाडीत आणली. १९९७ साली स्वीडनमधील एका चाचणीत मर्सिडीझची छोटी ए-क्लास गाडी उलटली. रस्त्यात अचानक एखादे मोठे जनावर आले तर चालक गाडी झटकन बाजूला घेऊन पुन्हा मार्गावर आणतो, तशी ती चाचणी होती. त्यानंतर कंपनीने ही यंत्रणा त्या छोट्या गाडीतही सरसकट बसवली, आणि महागड्या गाड्यांची मानली जाणारी ही वस्तू साध्या गाड्यांपर्यंत येऊ लागली.

ही यंत्रणा सतत दोन प्रश्न विचारत असते. पहिला, चालकाला कुठे जायचे आहे? दुसरा, गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्टीअरिंगच्या कोनातून आणि चाकांच्या वेगातून मिळते. दुसऱ्यासाठी आणखी दोन उपकरणे असतात. एक उपकरण गाडी स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती सेकंदाला किती अंश वळते आहे ते मोजते. दुसरे गाडीला आडव्या दिशेने बसणारा जोर, म्हणजे आडवे त्वरण, मोजते.

दोन्ही उत्तरे जुळली तर यंत्रणा गप्प बसते. जुळली नाहीत तर गाडी घसरते आहे असे ती समजते आणि एखाद्याच चाकाचा ब्रेक लावते. समजा, डावीकडच्या ओल्या वळणावर गाडीचे मागचे टोक बाहेर सरकू लागले आहे. अशा वेळी ती पुढच्या उजव्या, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या, चाकाला ब्रेक लावते आणि गाडीचे गरगरणे आवरते. नदीतला नावाडी एकाच बाजूची वल्ही रोखून नाव वळवतो, तसाच हा प्रकार आहे.

आता विचार करा. पहिल्या प्रश्नाचे उत्तरच चुकीचे मिळाले तर? गाडी सरळ चालली आहे, चालकालाही सरळच जायचे आहे, पण सेन्सर सांगतो आहे की चालक उजवीकडे वळू पाहतो आहे. मग 'इच्छा' आणि 'वागणे' यांत नसलेला फरक दिसू लागेल.

तीन अंशांची किंमत

हा फरक केवढा, याचा हिशेब नववी-दहावीच्या मुलांना करता येईल असा आहे. पुष्कळ मोटारींत स्टीअरिंग साधारण १६ अंश फिरवले की पुढची चाके १ अंश वळतात. सेन्सरचे शून्य ३ अंशांनी चुकले आहे असे धरू. चाकांच्या पातळीवर ही चूक ३ भागिले १६, म्हणजे सुमारे ०.१९ अंश. इतका लहान कोन कंपासपेटीतल्या कोनमापकावर दाखवताही येणार नाही.

पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.५ मीटर असेल, तर वळणाची त्रिज्या काढण्यासाठी २.५ ला या कोनाच्या टॅनने भागायचे. उत्तर येते सुमारे ७६५ मीटर. म्हणजे संगणकाला वाटते, की चालकाला ७६५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जायचे आहे.

गाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर या कल्पित वळणावर ती सेकंदाला ०.६ अंश वळायला हवी. हे फारसे नाही. पण मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग आमच्या वर्धा जिल्ह्यातूनच जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. मग तेच तीन अंश सेकंदाला अडीच अंशांचे वळण बनतात. सरळ रेषा आणि हे कल्पित वळण यांच्यात पहिल्या सेकंदाअखेर पाऊण मीटरचे अंतर पडते, दुसऱ्या सेकंदाअखेर जवळजवळ तीन मीटरचे. महामार्गावरची एक मार्गिका पावणेचार मीटरच्या आसपास रुंद असते, हे लक्षात घेतले म्हणजे या तीन अंशांचे गांभीर्य ध्यानात येईल.

(प्रत्यक्षात वेग वाढला की टायर किंचित घसरतात आणि गाडी या हिशेबापेक्षा थोडी कमी वळते. पण अंदाज बांधायला हा हिशेब पुरेसा आहे.)

म्हणून यंत्रणा बनवणारे दोन प्रकारे काळजी घेतात. लहानसा फरक दिसला तर ती ब्रेक लावत नाही. आणि आकडे एकमेकांशी अजिबातच जुळत नसतील, तर ती स्वतःला बंद करून दिवा लावते. अशा वेळी नेहमीचे ब्रेक चालतात. पण ओल्या रस्त्यावर गाडी खरोखरच घसरली, तर सावरायला कोणी नसते. आमच्या शेजाऱ्याच्या गाडीचा दिवा हेच सांगत होता.

तीन फेऱ्यांतला कोणता?

स्टीअरिंग पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे न्यायला साधारण तीन फेरे लागतात. त्यामुळे एक अडचण उभी राहते. घड्याळाचा फक्त मिनिटकाटा पाहून दहा मिनिटे झाली हे कळते, पण कोणत्या तासातली हे कळत नाही. तसेच नुसते '१० अंश' म्हटले, तर ते मधल्या फेऱ्यातले, की डावीकडच्या, की उजवीकडच्या?

काही सेन्सर फेरे मोजून आठवणीत ठेवतात. बॅटरी काढली की आठवण जाते. अशा गाडीत स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलेले असते. दोन्ही टोके कळली की मधला फेरा कोणता ते कळते. समजा, एका टोकापासून दुसरे टोक ११०० अंशांवर आले. मध्य ५५० अंशांवर. मात्र दोन्ही बाजूंची टोके अगदी सारख्या अंतरावर असतीलच असे नाही. त्यामुळे या रीतीने तासकाटा लागतो, मिनिटकाटा लागत नाही. तो लावण्यासाठी गाडी सरळ चालवून पाहावी लागते.

दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरमध्ये वेगळी युक्ती असते. ती वर्गात सांगितली, तर 'लसाविचा उपयोग काय?' या प्रश्नाला एक छान उत्तर मिळेल. स्टीअरिंगच्या दांड्यावर एक दातेरी चाक आहे, आणि त्याला दोन लहान दातेरी चाके लागून आहेत असे समजा. एकाला ७ दाते, दुसऱ्याला ८. त्यांच्या दात्यांना ० ते ६ आणि ० ते ७ असे क्रमांक द्या. मोठे चाक १० दाते पुढे सरकले, तर पहिले चाक ३ वर येईल आणि दुसरे २ वर. १७ दाते सरकले, तर पहिले पुन्हा ३ वरच येईल, पण दुसरे या वेळी १ वर असेल. म्हणजे दोन्ही आकडे मिळून जागा ओळखता येते. तीच जोडी पुन्हा केव्हा येईल? ७ आणि ८ यांचा लसावि ५६. मोठ्या चाकाला १८ दाते असतील, तर तीन फेऱ्यांत ५४ दाते सरकतात. म्हणजे तीन फेऱ्यांत कोणतीही जोडी दोनदा येत नाही! खऱ्या सेन्सरमध्ये दात्यांच्या संख्या वेगळ्या असतात आणि लहान चाकांचे कोन चुंबकाच्या साहाय्याने मोजतात, पण तत्त्व हेच. अशा सेन्सरला बॅटरी गेल्याने फरक पडत नाही.

तरीही शून्य शिकवावे लागतेच. सेन्सरला फक्त स्टीअरिंगचा दांडा ठाऊक आहे, रस्ता ठाऊक नाही. चाकांचे अलाइनमेंट केले, स्टीअरिंग उघडून पुन्हा बसवले किंवा सेन्सर बदलला, की दांडा आणि चाके यांचे नाते बदलते. पडलेल्या सायकलचे हँडल आणि चाक यांचे बदलते, तसेच.

पासंग आणि फाळका

मोजण्यातल्या सगळ्याच चुका शून्याच्या नसतात. हा भेद मुलांना स्पष्ट करून द्यायला हवा, आणि त्यासाठी आपल्याच बाजारातले उदाहरण आहे. वाण्याच्या तराजूचे एक पारडे हलके असले, की तो त्या बाजूला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतो. त्याला पासंग म्हणतात. 'हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असे आपण म्हणतो, तो हाच पासंग. पासंग म्हणजे शून्यांक दुरुस्ती. पण तराजूच्या दोन भुजांची लांबीच वेगळी असेल, तर पासंग लावून काटा मध्यावर येईल आणि तरीही माप खोटे राहील. एक किलोला दहा ग्रॅम कमी, दोन किलोला वीस ग्रॅम कमी.

सेवाग्रामच्या शिक्षणाच्या इतिहासात याचेच दुसरे उदाहरण सापडते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने नव्या शिक्षणाचा आराखडा तयार केला. त्यातून सेवाग्रामला नयी तालीमचे काम उभे राहिले. हाताने काम करता करता गणित आणि विज्ञान शिकायचे, हा तिचा गाभा. सूतकताईत मुले स्वतःचे सूत मोजत. फाळक्याचा एक वेढा चार फुटांचा, त्याला तार म्हणत. १६० तारांची एक लटी, आणि चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी.

आता दोन चुका पाहा. एका मुलाने मोजायला सुरुवात करतानाच एक वेढा जास्त धरला. त्याचे सूत चार फुटांनी कमी भरेल. लटी असो की गुंडी, चूक चार फुटांचीच. ही शून्याची चूक. दुसऱ्याच्या फाळक्याचा घेर अर्ध्या इंचाने कमी आहे. लटीत त्याचे सूत ८० इंच कमी भरेल आणि गुंडीत ३२० इंच, म्हणजे २६ फूट ८ इंच. ही मापाच्या एककातली चूक, मोजणी वाढेल तशी वाढणारी. पहिली चूक एकदा वजा केली की संपते. दुसरी संपवायला फाळकाच दुरुस्त करावा लागतो.

स्टीअरिंगच्या सेन्सरचे आपण घरी जे काही करतो, ते पासंग लावण्याचे काम आहे. सेन्सर बिघडून अंशच चुकीचे मोजत असेल, तर शून्य कितीही वेळा शिकवले तरी उपयोग नाही.

सपाट जागा कशासाठी?

गाडीच्या माहितीपुस्तकात 'गाडी सपाट जागेवर उभी करा' असे सांगितलेले असते. हे एवढे महत्त्वाचे का, ते पाहण्यासाठी एक प्रयोग करा.

प्लॅस्टिकची सरळ बाटली घ्या. थोडी हवा राहील इतपत पाणी भरून झाकण घट्ट लावा आणि टेबलावर आडवी ठेवा. फुग्याच्या मध्यापाशी येईल अशी एक खूण बाटलीच्या मध्यावर करा. ही झाली गवंड्याची पाणसळ, घरगुती. बाटली कुठेच अगदी एकसारखी नसते, म्हणून हिच्यात चूक असणारच. तरी टेबल सपाट आहे की नाही, हे तिने अचूक सांगता येते. बाटली पूर्व-पश्चिम ठेवा आणि फुगा खुणेपासून किती सरकला ते मोजा. समजा, तो पूर्वेला ६ मिलिमीटर सरकला. आता त्याच जागी बाटली उलट करा, झाकणाचे टोक दुसरीकडे. या वेळी फुगा पूर्वेला २ मिलिमीटर सरकलेला दिसला. टेबलाचा उतार दोन्ही वेळा पूर्वेकडेच ढकलणार, पण बाटलीची स्वतःची चूक बाटलीबरोबर उलटली. बेरजेचे निम्मे, म्हणजे ४ मिलिमीटर, ही टेबलाची करणी. वजाबाकीचे निम्मे, म्हणजे २ मिलिमीटर, ही बाटलीची चूक. खोट असलेल्या उपकरणानेच आपण त्याची खोट मोजली!

गाडीतले आडवे त्वरण मोजणारे उपकरण या पाणसळीसारखेच असते. उतार आणि वळण यांतला फरक त्याला एकट्याला कळत नाही. रस्ते पाण्याचा निचरा व्हावा म्हणून मध्यावर उंच आणि कडेला उतरते असतात. चाळीस मीटरला एक मीटर असा आडवा उतार असेल, तर त्यावर नुसत्या उभ्या असलेल्या गाडीचे उपकरण सेकंदवर्गाला सुमारे ०.२५ मीटर एवढे त्वरण दाखवील. वर आपण ७६५ मीटर त्रिज्येचे कल्पित वळण पाहिले. ते ताशी ५० किलोमीटर वेगाने घेतले, तर नेमके एवढेच त्वरण मिळते. म्हणजे उतारावर शून्य शिकवलेली गाडी उभ्या जागी 'वळत' असते.

मग रस्त्यावरून जाऊन-येऊन सरासरी काढली तर? बाटली उलटवली तसे? इथे मुलांना थोडा विचार करू द्या. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. जाताना उतार आपल्या डाव्या हाताला, आणि परतताना आपण रस्त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, म्हणजे तिथेही उतार डाव्या हातालाच. चूक उलटतच नाही! ती उलटायची असेल, तर त्याच पट्ट्यावरून विरुद्ध दिशेने जायला हवे. रस्त्यावर हा गुन्हा ठरेल आणि जिवावरही बेतेल. म्हणून मोकळे, सपाट मैदानच हवे.

घरी काय करता येईल?

सगळ्या गाड्यांना एकच रीत लागू पडत नाही. काही गाड्या थोडा वेळ सरळ चालवल्या की आपोआप शिकतात. गाडी सरळ चालली आहे हे त्यांना कसे कळते? बैलगाडी वळताना पाहा. बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. दोन्ही चाकांचे वेग सारखे असतील, वळण्याचा वेग शून्य असेल आणि आडवे त्वरणही शून्य असेल, तर गाडी सरळच चालली असणार. त्या वेळी सेन्सर जो कोन दाखवील तीच त्याची चूक, असे संगणक धरतो. इतर काही गाड्यांत मात्र स्कॅनर जोडून आज्ञा दिल्याशिवाय शून्य बदलत नाही. म्हणून आधी माहितीपुस्तक वाचायचे. तिथे घरी करण्याची रीत दिलेली असेल, तर साधारण क्रम असा:

१. चारही टायरांतली हवा तपासा. एका बाजूची हवा कमी असेल, तर गाडी त्या बाजूला ओढते.

२. गाडीतले जड सामान काढा. रहदारी नसलेले सपाट मैदान निवडा. मुलांना दूर उभे करा.

३. स्टीअरिंगच्या वरच्या काठावर मध्यभागी चिकटपट्टीचा तुकडा लावा. गाडी पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश, चुन्याने आखलेल्या रेषेवरून सरळ न्या आणि पट्टी मध्यावर राहते का ते पाहा. मग त्याच रेषेवरून उलट दिशेने या. स्टीअरिंगचा व्यास ३७ सेंटिमीटर धरला, तर काठावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ तीन अंश.

४. गाडी सरळ चालत असताना पट्टी स्पष्टपणे बाजूला जात असेल, तर इथेच थांबा. हे काम सेन्सरचे नव्हे, अलाइनमेंटचे आहे. वाकडेपणालाच शून्य म्हणायला संगणकाला शिकवू नये.

५. पट्टी मध्यावर असेल, तर इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग सावकाश पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे आणि परत मध्यावर आणा. टोकाला जोर लावून धरून ठेवू नका.

६. पुस्तकात सांगितलेल्या वेगाने आणि तेवढे अंतर गाडी सरळ चालवा.

७. दिवा गेला तर काम झाले. गेला नाही, किंवा त्याच्याबरोबर ब्रेकचा दिवाही लागलेला असेल, तर पुढचे काम स्कॅनर असलेल्या मेकॅनिकचे.

शेजाऱ्याच्या गाडीच्या पुस्तकात अशी रीत दिलेली होती. शाळेच्या मैदानावर या सगळ्याला वीस मिनिटे लागली, आणि त्यातली पंधरा मिनिटे हवा आणि पट्टी पाहण्यात गेली. दिवा गेला.

एक गोष्ट मात्र कोणीही घरी करू नये. सेन्सर स्टीअरिंगच्या दांड्यावर असतो म्हणून स्टीअरिंग उघडू नका. त्याच्या मध्यभागी एअरबॅग असते, आणि ती स्फोटक द्रव्याने फुगते.

वर्गात काय करता येईल?

मोटार नसली तरी काही अडत नाही. एक सायकल, एक पुठ्ठा आणि एक बादली पाणी पुरे.

पुठ्ठ्याचे वर्तुळ कापून त्यावर अंश आखा आणि ते सायकलच्या पुढच्या दांडीवर असे बसवा, की ते हँडलबरोबर फिरणार नाही. हँडलला तारेचा एक काटा बांधा. तारेचा काटा अंदाजे ९० च्या खुणेवर येऊ द्या. हा झाला आपला सेन्सर.

आता शून्य शोधायचे. दोन्ही चाके ओली करा आणि कोरड्या फरशीवर किंवा मैदानात सायकल हाताने ढकलत न्या. सायकल वळली की पुढच्या आणि मागच्या चाकाचे दोन वेगळे माग उमटतात. अगदी सरळ चालली, तर मागचे चाक पुढच्याच्या मागावरून जाते आणि एकच माग दिसतो. हीच आपली कसोटी. माग एकच उमटत असताना काटा किती अंशांवर आहे ते टिपा. असे पाच वेळा करा, प्रत्येक वेळी वेगळ्या मुलाने वाचन घ्यावे.

समजा, वाचने ९२, ९०, ९३, ९१ आणि ९४ आली. बेरीज ४६०, सरासरी ९२. म्हणजे या सायकलीचे सरळ ९० वर नसून ९२ वर आहे, आणि यापुढच्या प्रत्येक वाचनातून २ वजा करायला हवेत. पण वाचने ९० पासून ९४ पर्यंत पसरली आहेत, हेही मुलांच्या लक्षात आणून द्या. एकाच वाचनावर विसंबलो असतो, तर शून्य दोन अंशांनी इकडे किंवा तिकडे गेले असते. संगणकही म्हणूनच एका क्षणाच्या वाचनावर शून्य ठरवत नाही.

यानंतर हँडल मुद्दाम थोडे वाकडे बसवून सायकल एका गटाला द्या आणि नवे शून्य शोधायला सांगा. दुसऱ्या गटाला वर्तुळावरचे अंशच चुकीचे आखून द्या, १० अंशांच्या जागी ९. दोन्ही गटांना आपापल्या उपकरणात कोणती चूक आहे ते ओळखू द्या. एका गटाला पासंग लावून भागेल, दुसऱ्याला फाळका बदलावा लागेल. कोणता गट कोणत्या वाचनांवरून आणि किती वेळात हे ओळखतो, त्याची नोंद ठेवा. मुलांनी वापरलेल्या युक्त्या आणि त्यांनी काढलेले आकडे आम्हाला जरूर कळवा.